डीपी जळालेले अंतराळयान

विनोदाला भांडवल लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. १९८७ साली अमेरिकेत ‘ॲमेझॉन विमेन ऑन द मून’ नावाचा एक चित्रपट निघाला. पाच दिग्दर्शकांनी मिळून केलेले हे छोट्या-छोट्या प्रहसनांचे कडबोळे आहे. कल्पना अशी की, रात्री उशिरा एका दूरचित्रवाणी केंद्रावरून पन्नाशीच्या दशकातला एक जुनापुराणा अंतराळपट दाखवला जात आहे. त्याची रिळे मध्येच तुटतात, आणि केंद्रवाले ती रिकामी जागा भलतेसलते तुकडे दाखवून भरून काढतात. त्या अंतराळपटात चंद्रावर बायकांचे राज्य आहे आणि यानातून गेलेले पुरुष तोंडाचा आ वासून उभे आहेत. सारा देखावा पुठ्ठ्याचा वाटतो, आणि तो तसा वाटावा म्हणून खास मेहनत घेतलेली आहे. तिथले दारिद्र्य म्हणजे संपन्न माणसांनी आपल्या आजोबांच्या दारिद्र्याची केलेली नक्कल.

आता मालेगावकडे या. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख या गृहस्थाने ‘मालेगाव के शोले’पासून विडंबनपट काढायला सुरुवात केली. पूर्वी तो व्हिडिओ पार्लर चालवत असे. पुढे त्याने मालेगावचा सुपरमॅन काढायला घेतला, आणि तो निघत असताना फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्या खटाटोपावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. माहितीपट २००८चा, आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो २०१२ साली लागला. (त्याच माणसांवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५मध्ये आला. तो चांगला आहे. पण माहितीपट पाहिलेल्या माणसाला त्यातली पडझड जरा जास्त नीटनेटकी वाटते.) इथे क्रेन म्हणजे बैलगाडी आणि फिरता कॅमेरा म्हणजे सायकल. शूटिंग चालू असताना कॅमेराच पाण्यात पडतो. सुपरमॅनचे काम करणारा शफीक हा यंत्रमागावर राबणारा काडीपैलवान. मध्येच त्याचे लग्न ठरते आणि सगळ्यांना थांबावे लागते. पुढे तो कर्करोगाने गेला.

‘ॲमेझॉन विमेन’मधल्या हलत्या भिंतींना आपण हसतो, कारण त्या मुद्दाम हलवलेल्या आहेत हे आपल्याला ठाऊक असते. मालेगावच्या सुपरमॅनला टांगणारा दांडा खरोखरच दांडा आहे आणि तो खरोखरच निसटू शकतो. इथे हसू आणि काळजी एकाच वेळी उमटतात. हे मिश्रण मला फार मोलाचे वाटते. विनोदी वाङ्मयाचा पेपर शिकवताना, अभ्यासक्रमाच्या चौकटीत त्याला नाव सापडत नाही, याची चुटपुट मला बरीच वर्षे आहे.

नाव नाही असे तरी कसे म्हणावे? ‘विडंबन’ हा शब्द आहेच. त्याची मराठी व्याख्या आपण प्रामुख्याने आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’वरून बेतली आहे. केशवकुमारांच्या वाचकाला रविकिरण मंडळ तोंडपाठ होते. ज्याचे विडंबन करायचे ते मूळ वाचकाच्या कानात आधीच घुमत असल्याशिवाय विडंबन वाजत नाही, हे आम्ही वर्गात सांगतो आणि ते खरेच आहे. पण संस्कृतातल्या त्याच ‘विडम्बना’ने मराठीत येताना दुसरे एक रूप धारण केले: ‘विटंबना’. एकाच घरातल्या या दोन बहिणी. एक साहित्याच्या इतिहासात गेली, दुसरी पंचनाम्यात. कुठल्या क्षणी पहिलीची दुसरी होते, हा प्रश्न मी परीक्षेत कधी विचारला नाही. तो एका विद्यार्थ्याने मला विचारला. त्याबद्दल पुढे लिहितो.

त्याआधी आमच्या वऱ्हाडाचा एक दाखला द्यायला हवा, कारण विनोद आणि विज्ञान यांचे लग्न आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच लागले होते. फक्त वऱ्हाडी मंडळी न जेवता परत गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे आद्य पुरुष. त्यांच्या वकिलीची आणि लेखनाची कितीतरी वर्षे खामगाव-जळगाव जामोद या भागात गेली. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणाऱ्या या माणसाला ज्योतिर्गणिताचा गंभीर नाद होता. म्हणजे विनोदकार आणि गणिती हे दोघेही एकाच अंगरख्यात बुलडाणा जिल्ह्यात वावरत होते. यातून एखादी थट्टेखोर, आभाळाकडे पाहून डोळे मिचकावणारी परंपरा निघायला हरकत नव्हती. ती निघाली नाही. मराठी विज्ञानकथा पुढे जबाबदार झाली. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतलेले ते नाव ही स्वतःच एक मिस्कील खोडी होती. पण या प्रवाहाचा एकूण सूर समाजाला शहाणे करण्याचा राहिला. ते आवश्यकही होते. मात्र शहाणपण शिकवणाऱ्याची नक्कल वर्गातच होते, पुस्तकात होत नाही.

कोल्हटकरांबद्दल आणखी एक निरीक्षण. वऱ्हाडात राहून लिहिणाऱ्या या लेखकाचा सुदामा, त्याचा बंडूनाना, त्याचा पांडूतात्या, यांपैकी कोणीही ‘मले’, ‘तुले’ म्हणत नाही. सगळे अस्सल ग्रांथिक मराठी बोलतात. दाराबाहेर चोवीस तास चाललेली भाषा लेखणीपर्यंत आली नाही, कारण तेव्हाच्या विनोदाला प्रतिष्ठा मिळवायची होती, आणि प्रतिष्ठेचा पोशाख ठरलेला होता. पुढे वऱ्हाडी रंगमंचावर आणि पडद्यावर आली ती बहुतेकदा गड्याच्या तोंडी. पाहुण्यांना पाणी देताना तो ‘काय करून रायले जी?’ म्हणतो आणि प्रेक्षागृह हसते. त्या वाक्यात विनोद काय आहे? काहीच नाही. आमच्याकडे ते रोजचे क्षेमकुशल आहे.

माझ्या पिढीने अंतराळ पहिल्यांदा पाहिले ते वलगावात, एका ओसरीवर. गावात दूरचित्रवाणी संच मोजके होते. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ची, एकोणऐंशी भागांची. अमेरिकेत ती बंद पडून दीड तप उलटून गेल्यावर ती आमच्या ओसरीवर येऊन उतरली. ती इंग्रजीत होती. जमलेल्या तीस-चाळीस जणांपैकी इंग्रजी समजणारे कोणी नव्हते, आणि उठून जाणारेही कोणी नव्हते. शेजारचे एक काका खांबाला टेकून बसत आणि चालू प्रसंगावर आपले निरूपण करीत. टोकदार कानांच्या स्पॉकबद्दल त्यांनी दिलेला खुलासा मला आजही शब्दशः आठवतो: ‘थो लंब्या कानाचा हाये ना, थो तिकडचा पटवारी हाये. हासत नाई, रडत नाई, फक्त हिसाब सांगते.’ माणसे प्रकाशाच्या खांबात विरघळून दुसऱ्या ग्रहावर उमटत, तेव्हा काका म्हणत, ‘यायचं बरं हाये बाप्पा. एसटीची वाट पाहा लागत नाई.’

पुढे मी स्पॉकवर बरेच काही वाचले. भावनेला नकार देणारी तर्कबुद्धी, अर्धा मानव असण्याचे दुःख वगैरे. पटवाऱ्याच्या उपमेइतके नेमके मला त्यात फार थोडे सापडले. आणि एसटीच्या शेऱ्यात तर काकांनी नकळत निर्मितीच्या इतिहासालाच हात घातला होता. माणसे एका जागेवरून नाहीशी करून दुसरीकडे उमटवण्याची ती युक्ती मालिकेत आली, त्यामागे वैज्ञानिक द्रष्टेपण कमी आणि हिशेब जास्त होता. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. त्याच यानातल्या डॉक्टरांची काही उपकरणे म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या चांगल्या घडणीच्या मीठदाण्या होत्या. म्हणजे ज्या मालिकेला अभिजात म्हणायचे तिच्या मुळाशीही काटकसर आणि जुगाडच होता. मालेगावची सायकल आणि हॉलिवुडची मीठदाणी ही एकाच कुळातली भावंडे. फरक इतकाच की, मीठदाणी लपली.

तिकडे या मालिकेची टिंगल लवकर सुरू झाली. ज्या एनबीसी वाहिनीने ती बंद केली, त्याच वाहिनीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने मे १९७६मध्ये तिचे प्रहसन केले. त्यात वाहिनीचा अधिकारीच यानात शिरून मालिका रद्द झाल्याचे सांगतो. तिथे प्रेक्षकाला मूळ माहीत होते. आमच्या ओसरीवर मात्र मूळ डोळ्यांसमोर असूनही कोणाला माहीत नव्हते. काका ज्याला वाकुल्या दाखवत होते ते काय आहे, हे त्यांनाही कळत नव्हते. तरी ते विडंबनच होते, असे मी म्हणेन. फक्त त्याचा रोख पडद्याकडे नव्हता. पडद्यावरच्या परक्या चित्रांचा आधार घेऊन ते पटवाऱ्याबद्दल आणि एसटीबद्दल बोलत होते. केशवकुमारांच्या पद्धतीत मूळ हे लक्ष्य असते. इथे मूळ हा नुसता पाट. बसायला घ्यायचा आणि समोर बसलेल्यांशी बोलायचे.

ही पद्धत आमच्या गावाला अगदीच नवी नाही. पेढी नदीचा पूल ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथे, वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर. बाबांच्या कीर्तनाबद्दल आदराने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातल्या विनोदाबद्दल मात्र लिहिताना आपण जरा कचरतो. १९५६मध्येच मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकावे. प्रश्न विचारायचा, समुदायाकडून उत्तर वदवून घ्यायचे, त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न करायचा, आणि माणूस आपल्याच तोंडाने आपल्या अंधश्रद्धेचे हसे करून घेतो तिथे थांबायचे, अशी ती रीत. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग, झांजा, पागोटे हा सारा सरंजाम बाबांनी टाकला; डोक्यावर खापर आणि हातात झाडू ठेवला. कीर्तनसंस्थेचे इतके भेदक आणि इतके प्रेमळ विडंबन दुसरे झाले नसेल. आणि ते वऱ्हाडीत झाले. त्या वऱ्हाडीला कोणी हसले नाही. वऱ्हाडीतून माणसे स्वतःला हसली.

मालेगावच्या सुपरमॅनकडे पुन्हा वळतो, कारण इथे एक विलक्षण जुळणी आहे. अमेरिकन सुपरमॅन १९३८मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्या चित्रकथेत जन्मला. पन्नाशीच्या दशकात तो दूरचित्रवाणीवर आला. त्याचे शत्रू पृथ्वी जिंकू पाहतात. मालेगावच्या खलनायकाला पृथ्वीचे काही पडलेले नाही. त्याला घाण आवडते. लोकांनी थुंकावे, गावाचा उकिरडा व्हावा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे. नासिर शेख यांच्या मनात झाडूवाला संत असेल असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण उघड्या गटारांच्या गावात विश्वाचा संहारक कोण, याचा विचार करता करता दोन वेगळ्या माणसांची बोटे एकाच जागी टेकली, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा अधिक वाटते.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. विनोदी वाङ्मयाच्या पेपरला मी मुलांना स्वतःचे काही करून आणायला सांगतो. बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध कवितेची शेवटची यमके बदलून आणतात. या मुलाने मोबाइल आणला. जुन्या अंतराळमालिकांतले सात-आठ तुकडे जोडून त्यावर त्याने आपला आवाज चढवला होता. सगळे आवाज त्याचेच, बाईचासुद्धा. परदेशी चित्रपटांना वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलायला लावणाऱ्या अशा चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. बऱ्याचशा शिव्यांवर चालतात. याच्यात शिवी नव्हती.

पहिल्या तुकड्यात यान अंधारात जाते आणि कप्तान खाली विचारणा करतो. उत्तर येते, ‘डीपी जयाली ना भाऊ. आता आठ दिवस काई होत नाई.’ दुसऱ्यात एक तेजःपुंज आकृती मानवाला त्याच्या पृथ्वीवरील अधिकाराचा पुरावा मागते. कप्तान मान खाली घालून म्हणतो, ‘सातबारा घरी रायला जी.’ वर्ग हसून हसून लोळत होता. मग एक तुकडा आला. एका उजाड ग्रहावर चार माणसे उतरली आहेत. अंगभर पांढरे पोशाख, हातमोजे, डोक्यावर काचेची गोल शिरस्त्राणे, पाठीवर नळकांडी. ती हळूहळू चालतात. त्यावर या मुलाचा आवाज, अगदी बाजूला बसून बोलल्यासारखा: ‘पाय बे. इथं ना कपाशी, ना फवारा. तरी यायले टोपी भेटली, मोजे भेटले. आमच्या बाबाले एक दुपट्टा होता तोंडाले बांधाले.’

वर्ग गप्प झाला. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. २०१७च्या खरिपात आमच्याकडे कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, पंपाचा तुषार थेट तोंडावर येणारा, आणि अंगात रोजचाच सदरा. संरक्षक पोशाखाची चर्चा त्यानंतर झाली. त्या वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत पाठीवरचा पंप होता.

अंतराळवीराच्या पोशाखाकडे आपण आजवर कुतूहलाने पाहिले, भव्यतेच्या भावनेने पाहिले, कधी त्याच्या बेढबपणाला हसलो. त्याच्याकडे हेव्याने पाहता येते, हे मला त्या दिवशी कळले. ज्या दृश्यात मूळ निर्मात्याने परग्रहावरची विषारी हवा सुचवली होती, ते दृश्य या मुलाने न बदलता, एकही चौकट न हलवता, यवतमाळच्या शेतात आणून उभे केले. विडंबनाकडून याहून जास्त काय अपेक्षावे?

तास संपल्यावर तो थांबला. त्याने विचारले, ‘सर, पहिले दोन चाल्ले तेव्हा पोरं हासले. ते जोकले हासले, का आपल्या भाषेले हासले?’

मी लगेच उत्तर दिले नाही. शिक्षकाच्या सवयीने उद्धव शेळक्यांच्या ‘धग’चे नाव माझ्या तोंडावर आले. १९६०ची ती कादंबरी वऱ्हाडीत बोलते आणि कौतिकच्या संसाराची राख होताना कोणाला हसू येत नाही. तेव्हा भाषा आपोआप हास्यकारक नसते, वगैरे. ते उत्तर बरोबर होते, पण त्याच्या प्रश्नाचे नव्हते. ‘धग’ वाचणारा हसत नाही, कारण तो वाचायलाच गंभीरपणे बसलेला असतो. याने तर हसवायला घेतले होते. हसवणाऱ्याला आपल्या भाषेचा लाभही होतो आणि तिचा काटाही लागतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने ‘डीपी जयाली’ला हसावे ते ‘जळाली’चे ‘जयाली’ झाले म्हणून, आणि वलगावच्या प्रेक्षकाने हसावे ते आठ दिवस अंधारात काढले म्हणून. एकाच वाक्यावर पडलेली ही दोन हसे कानाला सारखीच ऐकू येतात. विडंबन कुठे संपते आणि विटंबना कुठे सुरू होते, ते वाक्यात लिहिलेले नसते.

पण त्याच्या तिसऱ्या तुकड्याला दोन्हीकडचा प्रेक्षक हसणार नाही, असे मला वाटते, आणि मी त्याला तेवढेच सांगितले. दुपट्ट्याचे वाक्यही त्याच भाषेत होते, त्याच आवाजात होते, तेच ‘ले’ आणि तेच ‘बे’ त्यात होते. पहिल्या दोन तुकड्यांनी वर्गाला हसायला बसवले नसते तर तिसरा तुकडा इतका खोल गेला नसता, हेही मी सांगितले. ते त्याला आधीच ठाऊक होते. क्रम त्याने विचार करूनच लावला होता.

गुण देताना अडचण आली. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘मूळ कृतीशी संबंध’ असा एक रकाना आहे. मूळ मालिकेचे नाव त्याने दिले नव्हते. विचारले तर म्हणाला, ‘नाव माहीत नाई सर. यूट्यूबवर सापडली.’ ओसरीवरच्या काकांनाही ते माहीत नव्हते. त्या रकान्यात मी पूर्ण गुण लिहिले, आणि पुढच्या खेपेला तो तुकडा ध्वनीचे पट्टे नीट बसवून, बाईच्या भूमिकेला बाईचाच आवाज घेऊन करून आण, असे त्याला सांगितले. बाईच्या आवाजासाठी त्याने आईला विचारले. तिने आधी नको म्हटले, मग विचारले की बोलायचे काय आहे. त्याने संवाद वाचून दाखवला. सातबाऱ्याच्या ठिकाणी ती म्हणाली, नुसता सातबारा कसा चालेल, आठ-अ पण मागतात ना.

दुसऱ्या आवृत्तीत तेजःपुंज आकृती दोन्ही मागते.